पान हिरवं नसतं

"सर, माझी वही एस्थेटिक झालीय ना?" सातवीतल्या एका मुलीनं विचारलं. फिक्या रंगांच्या पट्ट्या, कोपऱ्यात चिकटवलेलं सुकलेलं फूल, गोलगोल अक्षर. वही देखणी होती, खोटं कशाला बोलू? पण आम्ही शिकत होतो तेव्हा हा शब्द जाडजूड पुस्तकांत राहायचा. आता तो फोनमधल्या फोटोंचा एक थाट झालाय.

मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, शब्द त्याआधीच घसरलाय. १७३५ साली बाउमगार्टेन या जर्मन तत्त्वज्ञानं तो घडवला, ग्रीक 'ऐस्थेसिस'वरून. ऐस्थेसिस म्हणजे इंद्रियांना होणारी जाणीव. तर्कशास्त्राच्या जोडीला इंद्रियांच्या ज्ञानाचंही शास्त्र असावं, असं त्याचं म्हणणं. सौंदर्य त्यात होतंच, पण त्या जाणिवेची परिपूर्णता म्हणून. मराठीत 'सौंदर्यशास्त्र' झालं आणि इंद्रियं नावातूनच गळाली. उलटा शब्द मात्र मूळ अर्थाला धरून राहिला: ॲनेस्थेशिया, म्हणजे भूल. ऑपरेशनच्या टेबलावर आपण कुरूप होत नाही, बधिर होतो.

चित्रकलेच्या तासाला मीही इतकी वर्षं हीच भूल देत आलो. रंग रेघेबाहेर गेला नाही, कागद मळला नाही, की गुण. मग एकदा प्रत्येकाच्या हातात एकेक गळलेलं पान दिलं आणि सांगितलं, दहा मिनिटं पेन्सिलला हात लावायचा नाही. नुसतं बघा, चोळा, वास घ्या. दोन मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. "सर, बघून झालं!" पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे हिरवं नाहीच आहे."

खरंच नव्हतं. शिरेलगत पिवळट, कडेला तपकिरी, किडीनं खाल्लेल्या भोकाभोवती बारीकशी काळी किनार. त्या मुलानं मग ते भोकच काढलं, कागदभर मोठं. बोटांनी घासून घासून कागद पार मळवला.

गुणतक्त्यात 'नीटनेटकेपणा'ला दहापैकी गुण द्यायचे असतात, 'पाहणं' असा रकाना नाही. मी नीटनेटकेपणातच त्याला नऊ दिले. शेजारच्या मुलीनं तिचा स्वच्छ कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मग मला सात का, सर?"

तिला अजून नीट उत्तर दिलेलं नाही.