‘रिफंड झालाय ना मॅडम, मग तक्रार कसली?’

खोट्या रिव्ह्यूंची तक्रार करताना हे वाक्य मी दीड महिन्यात कस्टमर केअरकडून पाच वेळा ऐकलं. दर वेळी आवाज वेगळा, वाक्य तेच.

बाबा कराडला एकटे राहतात, बीपीची गोळी रोजची. दिवाळीआधी त्यांच्यासाठी एका मोठ्या शॉपिंग साइटवरून बीपी मोजायचं मशीन मागवलं. ४.५ स्टार, दोन हजारांवर रिव्ह्यू. आठवडाभर बाबा फोनवर खुशीत सांगत होते, ‘आज १२१ आलं, आज ११८.’ मग तपासणीला गेले तर डॉक्टरांच्या मशीनवर १५८ वर ९६. डॉक्टरांनी आमचं मशीन त्याच हाताला लावलं, ते १२२ दाखवत होतं. त्याच आठवड्यात बाबा मला विचारत होते, ‘अगं, आता गोळी अर्धी करू का?’ ते आठवलं की अजून धस्स होतं.

खोक्यात एक कार्ड होतं. ‘५ स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, २०० रुपये यूपीआयवर मिळवा.’ बाबांनी ते जपून ठेवलं होतं, म्हणून पुढचं सगळं जमलं.

रात्री बसून मी रिव्ह्यू ‘नवीन आधी’ असे लावून वाचले. चार दिवसांत साठ-सत्तर पाच स्टार, सगळ्यांत ‘पप्पांसाठी घेतलं, एकदम अचूक’ अशीच वाक्यं. खूप मागे गेले तर ‘दाढी छान होते, चार्जिंग टिकतं.’ म्हणजे ट्रिमरचं जुनं पान, त्याच्या स्टारसकट, बीपीच्या मशीनला चिकटवलेलं. हे सगळे स्क्रीनशॉट तक्रार करण्याआधी काढा. नंतर पान बदलतं.

पैसे दोन दिवसांत परत आले. आणि तिथूनच मी अडकले.

साइटवर तक्रार करायला गेलं की पर्याय येतात: वस्तू खराब, चुकीची आली, उशिरा आली, पैसे मिळाले नाहीत. ‘विक्रेता पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेतो’ असा पर्याय कुठेच नाही. मी ‘इतर’ निवडून सगळं लिहिलं, कार्डाचा फोटो जोडला. तासाभरात मेसेज: तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. फोन लावला.

‘मॅडम, रिफंड तुमच्या खात्यात जमा दिसतोय.’
‘हो, मिळाला. माझी तक्रार त्या कार्डाबद्दल आहे.’
‘पण रिफंड झालाय ना? मग आता तक्रार कसली?’

मी सांगितलं, अजून हजारो लोक हेच मशीन घेतायत, कोणी त्यावर बघून गोळी बंद करेल. पलीकडून शांतता, मग ‘मी नोट करतो’, आणि संध्याकाळी तोच मेसेज. पाच तक्रार क्रमांक, पाचही बंद. बाबासुद्धा म्हणाले, ‘पैसे मिळाले ना, सोड आता.’ पण मला ते सोडवेना. साइटवाल्यांच्या दृष्टीने तक्रार म्हणजे फक्त माझे १,३४९ रुपये. बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय, हे लिहायला त्यांच्याकडे रकानाच नव्हता.

यात आणखी एक. मी एक स्टार देऊन खरा रिव्ह्यू लिहिला, त्यात कार्डाचा उल्लेख केला. तो ‘नियमांत बसत नाही’ म्हणून नाकारला गेला! विकत घेतलेले साठ-सत्तर रिव्ह्यू जागेवर, आणि माझा बाहेर. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी फक्त आकडे लिहिले, दोन्ही मशीनचे फोटो लावले, तेव्हा छापला गेला. म्हणून रिव्ह्यूत वस्तूबद्दलच लिहा, कार्ड तक्रारीत जोडा.

वाट सापडली ती कायदा वाचल्यावर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचे नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत असं ते सांगतं, पण ते आणलं ऐच्छिक म्हणून. म्हणून नुसत्या मानकावर विसंबू नका, कायद्याचं कलम लिहा.

मी त्या अधिकाऱ्याला ईमेल केला. विषयातच लिहिलं: ‘या तक्रारीचा रिफंडशी संबंध नाही.’ खाली एक पान मजकूर, तारखा, स्क्रीनशॉट, पाचही बंद क्रमांक. या वेळी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. मला अक्षरशः रडू आलं.

सोबत १९१५ वर फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक लगेच मिळाला. हेल्पलाइन दंड करू शकत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते, एवढं माहीत असू द्या. दंडाचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ही तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. अर्जात ‘ग्राहकांच्या वर्गाच्या हिताला बाधा’ हे शब्द घाला. एकट्याचं नुकसान आणि सगळ्यांचं नुकसान यातला फरक कायदा तिथे करतो, आणि मी दीड महिना फोनवर हेच तर सांगत होते. मी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला.

ईमेलनंतर अकराव्या दिवशी ते पान साइटवरून गेलं. कंपनीने कळवलं, ‘विक्रेत्यावर योग्य कारवाई केली आहे.’ कोणती, ते लिहिलं नाही. तरी मी बाबांना लगेच फोन केला. ते एवढंच म्हणाले, ‘बरं केलंस.’

महिन्याने तोच फोटो दुसऱ्या नावाने, ४.४ स्टारसह पुन्हा दिसला. नवा अर्ज केलाय, या वेळी पहिल्या अर्जाची प्रत जोडून.

आणि हो, कार्डाचा फोटो किंवा झेरॉक्सच द्या, मूळ कार्ड कोणालाही देऊ नका. माझं अजून कपाटात आहे, खोक्यासकट.