शीर पुढून गेलीये

दांडिया बाजारातले एक काका, अंगभर कावीळ आणि खाजवून लाल झालेले हात. कावीळ उतरवायला पित्तनलिकेत नळी टाकायचं ठरत होतं, पण सर्जनसाहेब अडून बसले: आधी सीटी स्कॅन. बरंच झालं. नळी पडली की आजूबाजूला सूज येते, धातूची असेल तर चित्रावर पट्टे उमटतात, आणि मग गाठ कुठे संपते हे सांगणं अंदाजपंचे.

काकांना आम्ही नुसतं पाणी पाजलं. मुलाला वाटलं, पांढरं औषध द्यायचं विसरलो. पण पाण्याने जठर काळं दिसतं आणि कडा स्वच्छ सुटतात. शिरेतून डाय दिल्यावर साधारण 40-45 सेकंदांनी पहिली फेरी स्वादुपिंडासाठी, 70 च्या आसपास दुसरी शिरांसाठी.

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात होती. आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला टेकलेली, पण घेराच्या निम्म्याहून कमी, म्हणजे 180 अंशांच्या आत. शीर कुठे चिमटलेली नव्हती. इथवर ठीक. मग एकेक मिलिमीटरने खाली सरकलो. जेजुनमची, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाची, पहिली शीर बहुतेकांत आतड्याच्या मोठ्या धमनीच्या मागून वळसा घालून या मोठ्या शिरेला मिळते. काकांची पुढून चालली होती. उभ्या छेदातही तेच.

साहेबांना फोन लावला.

"सर, पहिली जेजुनल पुढून आहे."

"नक्की?"

"उभं-आडवं दोन्ही बघितलं."

"मग पेनाने चित्र काढून दे रे. तुझ्या रंगीत थ्रीडीने माझं भागत नाही."

खरंच आहे ते. थ्रीडी नातेवाइकांना आवडतं. निर्णय करड्या, पातळ कापांवर होतो. व्हिपल यांनी 1935 साली ही स्वादुपिंडाचं डोकं काढण्याची शस्त्रक्रिया मांडली तेव्हा शिरांची ठेवण पोट उघडल्यावरच कळायची. स्वादुपिंडाचा मागचा कोपरा धमनीपासून सोडवताना ही शीर नेमकी हाताखाली येते. ती मागे आहे असं धरून पुढे बिनधास्त कापलं, तर फाटून रक्ताचं तळं.

ऑपरेशनच्या दिवशी माझा कागद थिएटरमध्ये स्क्रीनशेजारी चिकटपट्टीने लावला होता. शीर तिथेच सापडली, साहेबांनी तिचे बारीक फाटे एकेक करून बांधले.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक व्हिपलआधी माझ्याकडून चित्र वसूल होतं. यकृताची उजवी धमनी आतड्याच्या धमनीतून निघून स्वादुपिंडामागून जाते का, हा रकाना त्यांनी परवा स्वतःच वाढवला.