करडांच्या शेडपासून सुरू झालेली आमची वाटचाल

आमचा गाळा गोवंडीला, काम फॅब्रिकेशनचं. वडिलांच्या वेळी खिडक्यांच्या ग्रिल, शटर, टाकीचे स्टँड एवढंच चालायचं. देवनारचा बाजार जवळ म्हणून शेळ्यावाल्यांची ये-जा असायची, त्यातल्या एका काकांनी लोखंडी माच, म्हणजे शेळ्यांना उभं राहायला जमिनीपासून उंच ओटा, करून मागितला आणि तिथून आमची लाईनच बदलली. आज निम्म्याहून जास्त काम शेळ्यांच्या शेडचं आहे.

माच बसवायला गेलो तेव्हा एप्रिल चालू होता. पत्र्याखाली करडं तोंड उघडी टाकून धापा टाकत होती, लाळ गळत होती आणि एक तर उभं राहताना लटपटून पडलं. काका म्हणाले, अरे दादा, इथे 34 डिग्रीच आहे, गावाला माझ्या शेळ्या 40 मध्ये चरतात. हे आमच्या डोक्यात बसलं. मग डॉक्टरांना विचारून कळलं की शेळीला घाम फार येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते, जिभेवरचं पाणी वाळलं तरच उष्णता बाहेर जाते. मुंबईच्या दमट हवेत ते वाळतच नाही! त्यात करडू लहान, अंगात पाण्याचा साठा कमी, म्हणून ते मोठ्या शेळीच्या आधी आडवं होतं.

म्हणून आम्ही मुंबईत बंद शेडला फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारी नळी, लावून देत नाही, कस्टमर कितीही मागे लागला तरी. नगर-सोलापूरच्या कोरड्या हवेत फॉगर छान चालतो, इथे बंद शेडमध्ये तो नुसता दमटपणा वाढवतो. इथे वारा पाहिजे. पत्रा उंच, वरून पांढरा रंग, समोरासमोर जाळी, आणि करडांचा कप्पा वाऱ्याच्या बाजूला, कोपऱ्यात नाही. थंडीत बांधलेली ताडपत्री लोक मार्चनंतरही तशीच ठेवतात, ती आमचा माणूस स्वतः सोडून येतो.

शेडबरोबर एक थर्मामीटर पण देतो. करडाचं टेंपरेचर साधारण 102 ते 103.5 फॅरनहाइट असतं, 105 च्या वर गेलं आणि ते धापा टाकत असेल तर लगेच सावलीत घ्यायचं, पाय, पोट, डोकं साध्या पाण्याने भिजवायचं आणि पंखा लावायचा, भिजलेल्या अंगावर वारा लागला की खरा फरक पडतो. 103.5 च्या आसपास आलं की भिजवणं थांबवायचं नाहीतर उलट गार पडतं. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, शुद्धीवर नसलेल्या करडाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. त्याला सलाईन लागतं, डॉक्टरच पाहिजे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, नाहीतर जवळचा पशुवैद्य, पण नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा.

सध्या गाड्यांचं काम वाढलंय. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, 2024 ला 17 जून होती, 2025 ला 7 जून, म्हणजे राजस्थान-गुजरातहून माल आता भर मे महिन्यात निघणार. त्यासाठी टेंपोत बसतील असे जाळीचे पार्टिशन करतोय, लहान जनावरं मोठ्यांखाली दबू नयेत आणि मधून वारा खेळावा म्हणून. गाडी रात्रीच काढायची ही अट मात्र आम्ही ऑर्डर घेतानाच घालतो.