आमची वाटचाल : चित्र एक, बिलं वेगवेगळी

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, एक मोठा प्रिंटर आणि टॅबलेटवर चित्रं काढणारे आम्ही चौघं, एवढाच आमचा पसारा. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, गणेश मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका यांवर सुरुवात झाली. हळूहळू परदेशातली कामं आली. पण कोणतं काम घ्यायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे आम्हाला बक्षिसांपेक्षा जीएसटीने जास्त शिकवलं.

‘कलेला कर माफ असतो ना?’ असं गिऱ्हाइकं विचारतात, तशी नुकती कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलंही विचारतात. माफी आहे, पण ती दुसऱ्यांना. लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी नाही. त्या यादीत चित्रकार नाही, मग तो टॅबलेटवाला असो की कुंचलेवाला.

चित्रांच्या दरांची तर गंमतच आहे. पूर्णपणे हाताने रंगवलेल्या चित्रावर १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. आमच्या प्रिंटरमधून निघालेल्या प्रिंटवर १८. नुसती फाइल दिली तरी १८. टॅबलेटवर रात्ररात्र घासणारा हातही हातच असतो, पण हा वाद आम्ही सीएंच्या टेबलावर कधीच हरलो आहोत.

खरी ओढाताण प्रकाशकांशी होते. छापील पुस्तकावर कर शून्य, त्यामुळे आमच्या बिलातल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे तो कर स्वतःच्या करातून वजा करायची मुभा, त्यांना मिळत नाही. तो भार त्यांच्याच अंगावर पडतो. साहजिकच ते तेवढी रक्कम आमच्या दरातून कापू पाहतात. मंडळांचंही तेच. हिंजवडीतल्या कंपन्या मात्र आधी जीएसटी नंबर मागतात, कारण त्यांना क्रेडिट मिळतं. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची. आम्ही तिथवर पोचण्याआधीच नोंदणी केली ती या कंपन्यांसाठी, आणि मला अजूनही तो निर्णय योग्य वाटतो. एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते : निर्यातीवर कर शून्य असला तरी ती रक्कम या २० लाखांत धरली जाते.

परदेशी कामासाठी दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे निर्यातदाराचं हमीपत्र, भरतो. मग कर न भरता बिल करता येतं. कॅलिफोर्नियातल्या एका गिऱ्हाइकाने बजावलं होतं, फाइल नेटवरूनच पाठवा, पेनड्राइव्ह कुरिअर करू नका. तिकडे नुसत्या डाउनलोड केलेल्या फाइलवर राज्याचा विक्रीकर लागत नाही, तीच पेनड्राइव्हवर दिली की लागतो. वॉशिंग्टन राज्यात मात्र डाउनलोडवरही कर आहे. म्हणजे असला विक्षिप्तपणा आपल्याकडेच आहे असं नाही.

म्हणून हल्ली कोटेशन देताना आधी विचारतो : प्रिंट हवी की फाइल, आणि बिल कोणाच्या नावाने?

शनिवारी आमची भागीदार मुलांना डिजिटल चित्रकला शिकवते. छंदाच्या कलाशिक्षणाची माफी १८ जुलै २०२२ पासून फक्त व्यक्तीने शिकवलं तरच मिळते, संस्थेला नाही. वर्ग तिचा स्वतःचा आहे, फीही तिच्याच खात्यात जाते. फर्मकडे त्यातलं फक्त खोलीचं भाडं येतं, आणि त्यावर अर्थातच १८ टक्के.