रासायनिक बंध समजून घेताना: नायट्रेटच्या ठिपक्यांपासून तुरटीच्या लाहीपर्यंत (माझा अनुभव)

शाळेच्या पुस्तकात रासायनिक बंध एका वाक्यात उरकतो: बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण व्हावेत म्हणून अणू इलेक्ट्रॉन देतात, घेतात किंवा वाटून घेतात. हिशोब ठेवायला हे वाक्य चांगले आहे. पण अणूला काही हवे-नको नसते. जोडून राहिल्यावर एकूण ऊर्जा कमी होते, म्हणून ते जोडून राहतात. हा विषय समजून घेताना मी जी पद्धत धरली, ती याच क्रमाने जाते: आधी ऊर्जेचा हिशोब, मग कागदावर इलेक्ट्रॉनांचे ठिपके आणि शेवटी टेबलावर पडताळणी. क्रम उलटा केला की आठचा नियम पाठ होतो आणि बंध मात्र कळायचा राहतो.

सुरुवात मिठापासून करावी, कारण त्याचे सगळे आकडे उपलब्ध आहेत. ‘सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने क्लोरीनला देतो’ हे वर्णन आकड्यांपुढे टिकत नाही. सोडियमच्या अणूतून तो एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल प्रति मोल खर्च येतो. क्लोरीनने तो घेतल्यावर फक्त ३४९ सुटतात. म्हणजे दोन सुटे, दूरदूरचे अणू घेतले तर व्यवहार १४७ने तोट्यात आहे. वर घन सोडियमचे सुटे अणू करायला १०७ आणि क्लोरीनच्या रेणूतून एक अणू सोडवायला १२१ लागतात. खर्चाची बेरीज ७२४. त्यातून ३४९ वजा केले तरी ३७५चा तोटा उरतो. तो भरून निघतो तो स्फटिक तयार होताना: धन आणि ऋण आयन (प्रभारित अणू) आलटून पालटून जालकात, म्हणजे स्फटिकाच्या नियमित मांडणीत, बसले की ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ३७५ वजा ७८७ म्हणजे उणे ४१२. प्रयोगात मोजलेला आकडा उणे ४११ आहे. हा हिशोब मी प्रत्येकाला एकदा तरी हाताने मांडायला सांगते. आयनिक बंध म्हणजे दोन अणूंमधली देवघेव नसून संपूर्ण स्फटिकातले आकर्षण आहे, हे त्यातून आपोआप दिसते. मिठात ‘रेणू’ सापडत नाही तोही याच कारणाने. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात.

सोडियम दुसरा इलेक्ट्रॉन का सोडत नाही, याचेही उत्तर इथेच मिळते. त्याला ४५६२ किलोज्यूल लागतात आणि कुठलेही जालक एवढी भरपाई करू शकत नाही. मॅग्नेशियमचा दुसरा इलेक्ट्रॉन मात्र १४५१ मध्ये निघतो. दुहेरी प्रभारांमुळे मॅग्नेशियम ऑक्साइडचे जालक इतके घट्ट बसते की ते वितळायला सुमारे २८५० अंश सेल्सिअस लागतात. मीठ ८०१ अंशांना वितळते.

बंध आयनिक की सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा), हे ठरवायला विद्युतऋणतेतील, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या क्षमतेतील, फरक १.७च्या वर की खाली असे पाहण्याची सवय असते. एवढ्यावर निकाल देऊ नये. हायड्रोजन आणि फ्लुओरिन यांच्यात फरक १.७८ आहे, तरी हायड्रोजन फ्लुओराइड रेणूंचेच बनलेले आहे आणि २० अंशांच्या आसपास उकळते. उलट सोडियम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७, पण ते आयनिक स्फटिक आहे. फरकाबरोबर मूलद्रव्य धातू आहे का, द्रवणांक किती, वितळल्यावर वीज वाहते का, हेही पाहावे लागते. आकडा बंधाचा कल सांगतो, एवढेच.

सहसंयुज बंधात ऊर्जेचा हिशोब अधिक सोपा आहे, आणि तरी सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ ही समजूत फार खोल रुजलेली असते. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावीच लागते. सुटते ती बंध तयार होताना. हायड्रोजन आणि क्लोरीन घ्या. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६, क्लोरीनचा तोडायला २४२, खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध तयार होताना ४३१ गुणिले २, म्हणजे ८६२ परत मिळतात. फरक १८४, आणि तेवढी उष्णता बाहेर येते. इंधन जळताना जी ऊर्जा मिळते ती नव्या, अधिक मजबूत बंधांची असते.

आता कागद. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडलेली ठिपक्यांची पद्धत आजही पहिले हत्यार आहे. सरावासाठी मी नायट्रेट आयन निवडते, कारण नेहमी होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक त्यात एकदम भेटतात.

आधी बेरीज, चित्र नंतर. नायट्रोजनचे संयुजा (बाह्यतम कवचातले) इलेक्ट्रॉन ५, तीन ऑक्सिजनचे ६ प्रमाणे १८ आणि आयनावर एक ऋण प्रभार म्हणून आणखी १. एकूण २४. हा आकडा कोपऱ्यात लिहून त्याला चौकट करावी. शेवटी चित्रातले ठिपके मोजून याच्याशी जुळवायचे आहेत. प्रभार विसरला की बेरीज २३ होते आणि एक इलेक्ट्रॉन कुठेच बसत नाही. अमोनियमसारख्या धन आयनात याच्या उलट चूक होते: प्रभार धन आहे म्हणून एक मिळवला जातो. तिथे एक वजा करायचा असतो: ५ आणि ४ मिळून ९, वजा १, म्हणजे ८.

मग सांगाडा. कमी विद्युतऋणतेचा अणू मध्ये, म्हणून नायट्रोजन मध्ये आणि त्याला तीन एकेरी रेषांनी तीन ऑक्सिजन. हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही. तीन रेषांचे ६ इलेक्ट्रॉन गेले, १८ उरले. ते आधी बाहेरच्या अणूंना द्यायचे: प्रत्येक ऑक्सिजनवर तीन एकाकी (बंधात नसलेल्या) जोड्या, म्हणजे १८ संपले. नायट्रोजनकडे मात्र सहाच राहिले. इथे नवे इलेक्ट्रॉन आणायचे नाहीत. एका ऑक्सिजनवरची एक एकाकी जोडी बंधात सरकवायची आणि तो बंध दुहेरी करायचा.

याच टप्प्यावर अनेक जण दोन दुहेरी बंध काढून मोकळे होतात. मग नायट्रोजनला पाच बंध होतात, म्हणजे दहा इलेक्ट्रॉन. दुसऱ्या आवर्तातल्या अणूकडे संयुजा कवचात चारच कक्षक (प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागा) असतात, एक एस आणि तीन पी, त्यामुळे आठच्या वर जागाच नाही. फॉस्फरस पाच क्लोरीन धरतो म्हणून नायट्रोजनही धरेल असे मानू नये.

शेवटची तपासणी औपचारिक प्रभाराची. अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन, वजा एकाकी इलेक्ट्रॉन, वजा बंधातल्या इलेक्ट्रॉनांचा अर्धा भाग. नायट्रोजन: ५ वजा ० वजा ४, म्हणजे अधिक १. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन: ६ वजा ४ वजा २, म्हणजे शून्य. एकेरी बंधाचे दोन ऑक्सिजन: ६ वजा ६ वजा १, म्हणजे प्रत्येकी उणे १. सगळ्यांची बेरीज उणे १, आयनाच्या प्रभाराइतकी. बेरीज जुळली नाही तर चित्र पुसायचे आणि पुन्हा चौकटीतल्या आकड्यापासून निघायचे.

हीच तपासणी दोन चित्रांमधून एक निवडायला कामी येते. कार्बन डायऑक्साइडचे १६ इलेक्ट्रॉन दोन दुहेरी बंधांत बसतात, तसे एक तिहेरी आणि एक एकेरी बंध काढूनही बसतात. सगळ्यांचे अष्टकही (आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते. पण पहिल्या चित्रात तिन्ही प्रभार शून्य, दुसऱ्यात एका ऑक्सिजनवर अधिक १ आणि दुसऱ्यावर उणे १. इतक्या विद्युतऋण अणूवर धन प्रभार ठेवणारे चित्र मागे टाकायचे.

नायट्रेटमध्ये दुहेरी बंध तीनपैकी कुठल्याही ऑक्सिजनला काढता येतो, म्हणून तीन चित्रे होतात. बंध एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारत असतो असा याचा अर्थ घेतला जातो, तो चुकीचा आहे. मोजमापात तिन्ही बंध सारखेच, सुमारे १२५ पिकोमीटर लांबीचे सापडतात. नायट्रिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजन बाळगणाऱ्या ऑक्सिजनचा बंध सुमारे १४० पिकोमीटर आणि बाकीचे दोन सुमारे १२० असतात. नायट्रेटचा १२५ या दोन्हींच्या मधला. आयन एकच आहे. तो एका चित्रात मावत नाही म्हणून आपण तीन काढतो.

ठिपके जिथे कमी पडतात त्या जागाही ओळखीच्या असाव्यात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये ११ इलेक्ट्रॉन, म्हणजे एक एकटा राहणारच. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉन सहावर थांबतो. ऑक्सिजन वायूचे चित्र सगळ्या जोड्या पूर्ण दाखवते, पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, कारण त्यात दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यासाठी रेण्वीय कक्षकांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूभर पसरलेले मानणारा, सिद्धांत लागतो. आणि आठ पूर्ण असलेला झेनॉन वायू कुणाशी जोडला जाणार नाही ही समजूत रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये त्याचे संयुग बनवून मोडली.

टेबलावरच्या पडताळणीला साहित्य थोडेच लागते: ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक, मगरचिमट्याच्या तारा आणि क्लच पेन्सिलच्या २ मिलिमीटर जाडीच्या दोन कांड्या. सगळे एकसरीत जोडायचे. कांड्या पुठ्ठ्यातून आरपार घालून त्यांच्यात १ सेंटिमीटर अंतर ठेवायचे. लोखंडी खिळे किंवा तांब्याच्या तारा द्रावणात बुडवू नयेत; त्या स्वतः विरघळतात, पाणी रंगते आणि निकाल बिघडतो. पाणी डिस्टिल्डच हवे. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे साखरेच्या द्रावणातही एलईडी मंद लागतो आणि साखर आयनिक ठरते.

१०० मिलिलिटर पाण्यात चमचाभर मीठ घातले की एलईडी स्पष्ट लागतो, साखरेत लागत नाही. व्हिनेगरमध्ये मंद लागतो, कारण ॲसेटिक आम्ल रेणूंचे असले तरी पाण्यात त्यातले थोडे रेणू आयन देतात. मिठाच्या द्रावणात काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ वीज वाहू देऊ नये. क्लोरीन सुटतो, खिडकी उघडी असावी. कोरड्या मिठात एलईडी लागायला नको. पावसाळ्यात तो लुकलुकतो, कारण मिठाने हवेतली ओल ओढलेली असते. मीठ तव्यावर परतून, गार करून पुन्हा पाहावे.

वितळलेल्या आयनिक पदार्थातून वीज वाहते हे घरी मिठावर दाखवता येत नाही, ८०१ अंश कुठून आणणार? त्याऐवजी तुरटी घ्यावी. ती साधारण ९२ अंशांना वितळते. १० ग्रॅम तुरटी कुटून कोरड्या परीक्षानळीत भरायची, तोंडाला सैल कापूस लावायचा, म्हणजे वाफ फारशी निसटत नाही, आणि नळी उकळत्या पाण्यात उभी करायची. महाबळेश्वरच्या उंचीवरही पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे अडचण नाही. काही मिनिटांत पारदर्शक द्रव होतो. घन असताना न लागलेला एलईडी आता लागतो. हे मिठाच्या वितळण्यासारखे शुद्ध वितळणे नाही. तुरटी आपल्याच स्फटिकजलात, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्यात, विरघळते. आयन मोकळे झाले की वीज वाहते, हा मुद्दा तरी सिद्ध होतो.

तुरटी मला एवढ्यासाठीच मोलाची वाटते की एका खड्यात बंधांचे बरेच प्रकार एकत्र असतात. पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट यांच्यात आयनिक आकर्षण. सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन यांचे सहसंयुज बंध (ठिपके मांडायचे तर एकूण ३२). ॲल्युमिनियमभोवती पाण्याचे सहा रेणू, प्रत्येकाच्या ऑक्सिजनने आपली एकाकी जोडी पुढे केलेली. उरलेले सहा रेणू पोटॅशियमभोवती, आणि सगळ्यांमध्ये हायड्रोजन बंधांचे (पाण्याचा हायड्रोजन आणि शेजारचा ऑक्सिजन यांच्यातल्या दुबळ्या आकर्षणाचे) जाळे. उष्णता दिली की आधी जालक आणि हायड्रोजन बंध ढिले होतात, मग पाणी सुटते. सल्फेट तव्याच्या आचेवर जसेच्या तसे राहते.

पाणी किती होते हे वजनावरून कळते. तुरटीच्या एका मोलचे वजन ४७४ ग्रॅम, त्यात १२ मोल पाण्याचे २१६. म्हणजे १० ग्रॅममधले सुमारे ४.६ ग्रॅम पाणी आहे. तव्यावर ती आधी पातळ होते, मग फसफसून फुगते आणि पांढरी लाही उरते. लाही पूर्ण कोरडी झाली तर वजन ५.४ ग्रॅमच्या जवळ यायला हवे. त्यापेक्षा जास्त भरले तर आत पाणी शिल्लक आहे: लाही कुटून, आच मंद ठेवून पुन्हा भाजावी आणि सलग दोन वजने सारखी येईपर्यंत तोलत राहावे.