पश्चिमेकडचा व्हरांडा

1990 च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि मी गणितात अकरा मार्कांनी गेलो. मार्कलिस्ट घेऊन शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो तो घरी न जाता रेल्वे स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलो. मिरजेकडची एक पॅसेंजर गेली, पुण्याकडची एक गेली. अंधार पडला तेव्हा तात्या शोधत आले. त्यांनी काही विचारलं नाही. "चल, भाकरी गार व्हाय लागलीया," एवढंच म्हणाले.

तात्या म्हणजे माझे वडील. लोणंदच्या बाजारपेठेच्या तोंडाशी चपला शिवायला बसायचे. कांद्याच्या बाजाराला येणारे शेतकरी, हमाल, गाडीवाले हे त्यांचं गिऱ्हाईक. वर्गात मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी नुसतं 'धंदा' लिहायचो. ते आठवलं की आजही तात्यांचे पाय धरावेसे वाटतात.

चार-पाच दिवस मी घरातून बाहेर पडलो नाही. तेवढ्यात आळंदीहून पंढरपूरला जाणारी माऊलींची पालखी आली.

आपल्या शाळेत शिकून ज्यांनी पुढं गाव सोडलं, त्यांच्याही डोळ्यांसमोर पालखीचे ते दिवस असतीलच. नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं जातं, पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम आपल्या लोणंदला. या सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. मुक्कामाच्या आदल्या दिवशी नववी-दहावीची पोरं बाकं उचलून एकावर एक रचायची आणि वर्ग धुऊन काढायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गावर्गांत दिंड्या उतरलेल्या असायच्या. खिडकीच्या गजांना ओली धोतरं नि लुगडी, फळ्याखाली टेकवून ठेवलेली वीणा, मैदानात तीन दगडांच्या चुली. ओले कपडे, पिठलं आणि बुक्का यांचा मिळून जो वास व्हायचा, तो पालखी फलटणच्या पुढे गेली तरी वर्गातून जात नसे.

त्या दिवशी दुपारी शाळेचे शिपाईकाका आमच्या दारात उभे राहिले. "पोरगं कुठाय? पाणी भराय हात कमी पडत्यात." मी आतूनच म्हणालो, "काका, मी आता शाळेत नाही." ते म्हणाले, "मी हजेरी घ्याय न्हाय आलो. बादली घे आन् चल."

मला पाठवलं ते नेमकं दहावी 'अ'च्या वर्गात. फळ्यावर गणिताचं सूत्र अर्धवट पुसलेलं तसंच होतं. त्याच्याखाली एक म्हातारी पाय पसरून बसली होती. परभणीकडची. तळपायाचे फोड फुटले होते, भेगांत चिखल बसला होता. मी पाणी ओतलं, तिनं पाय धुतले. मग पिशवीतून चप्पल काढली. अंगठा तुटला होता आणि तिनं सुतळीनं बांधून ती कशीबशी इथवर ओढत आणली होती. "लेकरा, इथं चांभार कुठं भेटंल रं?"

माझ्याबरोबरची पोरं बादल्या घेऊन बाजूलाच उभी होती. पास झालेली सगळी. मला घाम फुटला. पण त्या पायांकडे बघून खोटं बोलवेना. "मीच हाय, आजी," म्हणालो आणि चप्पल घेऊन व्हरांड्यात पळालो.

पश्चिमेकडच्या व्हरांड्यात तात्या सकाळपासूनच बसले होते. आरी, रापी, ऐरण, मेण लावलेला दोरा. पालखीच्या मुक्कामाला ते वारकऱ्यांकडून एक पैसा घेत नसत. खरं तर वर्षातली सगळ्यात मोठी कमाई त्याच दिवशी झाली असती. त्यावरून मी त्यांच्याशी भांडलोही होतो, कारण आदल्याच वर्षी माझी फी भरायला त्यांनी सायकल विकली होती. त्या दिवशी काही न बोलता मी आरी मागितली. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मागं पोरांकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. अंगठा मी शिवला. टाके वाकडे पडले, पण पक्के होते.

म्हातारीनं चप्पल पायात घालून दोन पावलं टाकली. मग काही कळायच्या आत वाकून माझ्या पायांवर हात ठेवला आणि म्हणाली, "माऊली."

वारीत लहानमोठे सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण गणितात नापास झालेल्या, चार-पाच दिवस तोंड लपवून बसलेल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या पायाशी सत्तर वर्षांची बाई वाकते, तेव्हा त्या पोराचं काय होतं ते मला अजूनही नीट लिहिता येत नाही. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन खूप रडलो.

ऑक्टोबरला मी पुन्हा गेलो, गणितातच. तेव्हा मात्र मी तात्यांना म्हणालो, "तुम्ही एवढी सेवा करता, देवानं काय दिलं?" ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांनी जन्मभर वारी केली. पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायचं, कळस बघायचा आणि मागं फिरायचं. आमच्या माणसांना त्यापुढे वाट नव्हती. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा देवळाचं दार उघडलं. त्या आषाढीला आजोबा आत गेले, आठ वर्षांचे तात्या त्यांचं बोट धरून. "पायावर डोकं ठिवलं, ते लई येळ उठंनातच. मागची माणसं ढकलाय लागली. इतकी वर्सं भायेर उभा ऱ्हायला माझा बा, पर वारी न्हाय सोडली. तू दोन डाव गणितात गेलास आन् घरात बसतुस व्हय?"

मार्च 1991 ला सुटलो. गणिताच्या बाई परीक्षेआधीचे चार महिने रोज शाळा सुटल्यावर मला तासभर शिकवत होत्या, फी न घेता. मी विचारलं तर म्हणायच्या, "तुझे वडील घेतात का पालखीत?"

पुढं मी तात्यांच्याच धंद्यात पडलो. टपरीचं दुकान झालं. तात्या गेले, दुकान एकदा जळालं, पुन्हा उभं केलं. हे सगळ्यांच्याच घरी होतं, त्याचं विशेष सांगत नाही. 2020 चं मात्र सांगायलाच हवं. कोरोनाच्या टाळेबंदीत दोन महिने दुकान बंद, बायकोच्या पाटल्या गहाण. मे महिन्यात काम सुटलेले मजूर पायी गावाकडे निघाले होते. त्यांतले काही आमच्या रस्त्यानं जाताना दिसले. उन्हानं डांबर मऊ झालेलं आणि एका पोराच्या पायांना नुसत्या प्लास्टिकच्या बाटल्या दाबून बांधलेल्या. मी पेटी घेऊन झाडाखाली बसलो. दुकानात पडून राहिलेल्या, कुणी न नेलेल्या दुरुस्तीच्या चपला त्यांना दिल्या, सैल होत्या त्या आवळून दिल्या. तो पोरगा दहाची नोट पुढं करायला लागला. माझा हात आपोआप त्याच्या पायाकडे गेला. तो बिचारा दचकून मागं सरकला. त्याला आमची रीत कुठून ठाऊक असणार!

त्या आषाढात पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. मुक्कामाच्या तिथीला मी रिकाम्या शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळपर्यंत बसून होतो. शिपाईकाकांच्या मुलानं, जो आता तिथं शिपाई आहे, कुलूप काढून दिलं आणि चहा आणून दिला.

आता पालखी पुन्हा चालत येते. मुख्याध्यापिका बाई आदल्या दिवशीच माझ्या जागेवर पोतं अंथरून ठेवायला सांगतात. गेली दोन वर्षं आठवीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसते. आरी धरायला तिला अजून जमत नाही, पण दोऱ्याला मेण फार छान लावते.