अजिंक्यताऱ्याची चढण आणि नववीची पुस्तकं

जानेवारीतली पहाट. अदालतवाड्यापाशी साडेपाचला माणसं जमायला लागायची. माकडटोप्या, मफलर, शाली, आणि एखादं पोरगं वडिलांच्या भल्यामोठ्या स्वेटरात बुडालेलं. खाली सातारा अजून झोपेत आणि वर काळोखात अजिंक्यताऱ्याच्या टॉवरचा लाल दिवा. तो दिवा दिसला की माझ्या पोटात अजूनही आनंदाचा गोळा येतो.

आमच्या पेठेतल्या मंडळाची ही गडचढण 2008 साली सुरू झाली. दिवस ठरलेला : 3 जानेवारीनंतरचा पहिला रविवार. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. मुलांच्या शिक्षणासाठी चार पैसे गोळा करायचे तर त्यांच्या जयंतीच्या आसपासच करू, असं मंडळातले वडीलधारे तात्या म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं.

निमित्त मात्र एका मुलीचं होतं. आमच्या काकूंकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची ती लेक. एकदा जून उलटून गेला तरी ती आईबरोबर कामावरच यायची. काकूंनी विचारलं, "का गं, शाळा नाही का?" ती म्हणाली, "आठवी झाली की." म्हणजे संपलं, अशा सुरात. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं की खरी फट कुठं आहे. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. नववीत पाऊल टाकलं की सगळा संच विकत घ्यायचा, वर वह्या, वर दहावीची परीक्षा फी. डोंगरकडेच्या कितीतरी गावांत शाळा सातवी-आठवीला संपते आणि हायस्कूलसाठी एसटी धरावी लागते. मुलींना पास मोफत आहे, पण मुलग्यांना सवलतीतही पैसे भरावे लागतात. या एका पायरीवर पोरं गळतात. मंडळानं तेव्हाच ठरवलं, आपला पैसा नववी-दहावीसाठीच. दरवर्षी कोणीतरी नवं काही सुचवायचं, कधी व्यायामशाळा, कधी वाचनालय. चांगलंच सुचवायचे, पण तात्या हलायचे नाहीत, आणि आता मला वाटतं तेच बरोबर होतं.

डिसेंबरात पावतीपुस्तकं वाटली जायची. चढणाऱ्या प्रत्येकानं आपल्या आळीत फिरायचं. दहा रुपयांपासून पुढं कितीही. किराणावाले, इस्त्रीवाले, रिक्षा स्टँडवरची मंडळी, सगळे घ्यायचे. आमच्या समोरच्या आजी दरवर्षी म्हणायच्या, "आत्ता पन्नास. गडावर पोचलास तर अजून पन्नास." अशा आजी प्रत्येक आळीत निघायला लागल्या, म्हणून मंडळानं एक युक्ती काढली. प्रत्येकाला एक पिवळं कार्ड द्यायचं आणि वर मंगळाईच्या देवळापाशी त्यावर मंडळाचा शिक्का मारायचा. उतरल्यावर शिक्का दाखवून उरलेले पैसे आणायचे. ते जांभळ्या शाईचं कार्ड खिशातून काढून आजींपुढं धरताना जे वाटायचं, ते नंतर नोकरीच्या पहिल्या पगारालाही वाटलं नाही.

चढण तशी तासाभराची. पण आमच्यात पाचवीतली पोरं होती आणि गुडघे धरून चालणारे तात्याही. पोरं पुढं पळायची, बायकांचा घोळका मध्ये, आणि सगळ्यात शेवटी तात्या, काठी टेकत. एकच नियम होता आणि तो कधी मोडला नाही : शेवटचा माणूस वर पोचल्याशिवाय पोह्यांचं झाकण उघडायचं नाही. टेम्पो गाडीरस्त्यानं पातेलं घेऊन आधीच पोचलेला असायचा. कांदा आदल्या रात्री काकूंच्या ओसरीवर चिरला जायचा, तिथं निम्मं मंडळ डोळे पुसत बसलेलं. वर थंड वाऱ्यात त्या झाकणाच्या कडेनं फोडणीचा वास यायचा आणि झाकण काही उघडायचं नाही. मग काय, पोरं आपणहून परत खाली पळायची. दोघं तात्यांचे हात धरायची, एक काठी घ्यायचा, एक मागून "चला की ओ तात्या, पोहे गार होतील" म्हणत राहायचा. तात्या दरवाजातून आत आले की टाळ्या पडायच्या आणि झाकण निघायचं. शेंगदाणे, ओलं खोबरं, लिंबाची फोड. तसे पोहे घरी होत नाहीत, मी पुष्कळदा करून पाहिलं.

तोवर उजाडलेलं असायचं. एकीकडं यवतेश्वर, पलीकडं सज्जनगड, दुसऱ्या अंगाला जरंडा, आणि लांब माहुलीकडं नदीवर धुक्याचा पट्टा. ज्या गावांतल्या पोरांसाठी आपण आलो ती याच डोंगरांच्या कुशीत आहेत, हे तिथं उभं राहिल्यावर आपोआप कळायचं. सज्जनगडाखालच्या परळी खोऱ्याकडं बोट दाखवून काकू सांगायच्या, "त्या तिकडनं तुमच्याएवढी पोरं रोज चालत एसटीला येतात."

मग तात्यांची पाच मिनिटं. भाषण म्हणून तेवढंच, हार नाहीत, पाहुणे नाहीत. तात्या स्वतः रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका करत शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी ही संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, हे ते दरवर्षी सांगायचे. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, या वाक्याशी त्यांचा आवाज दरवर्षी अडायचा. आम्हाला ते तोंडपाठ होतं आणि तरीही त्या वाक्याला कोणी पोह्याच्या बशीकडं बघत नसे.

एक चूक आमच्याकडून झाली, तीही लिहायला हवी. तिसऱ्या की चौथ्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की मुलांना स्टेजवर बोलावून संच देऊ, फोटो काढू. बॅनर लागला. एक मुलगा संच हातात घेऊन उभा राहिला आणि त्यानं मान काही वर केली नाही. फोटोवाला म्हणतोय, "बाळा, इकडं बघ," आणि तो आपला चपलेच्या अंगठ्याकडं बघतोय. रात्री काकू तात्यांना एवढंच म्हणाल्या, "पुन्हा असं करायचं नाही." त्या वर्षापासून स्टेज बंद. आता जूनमध्ये शाळा भरली की संच वर्गशिक्षकांकडं पोचतो, ते मुलाला बोलावून देतात. कुणाचा, कुठून, काही नाही. बदल्यात मुलांना हवं तर जानेवारीत आमच्याबरोबर गड चढायला यावं, पाहुणा म्हणून नव्हे, चढणारा म्हणून, पिवळं कार्ड घेऊन. कितीतरी आली. डोंगरातली पोरं ती, आम्ही निम्म्यात असताना वर पोचून तात्यांना आणायला उलटी उतरायची.

काकूंकडची ती मुलगी पहिल्या संचाची मानकरी. नववी झाल्यावर मे महिन्यात ती पुस्तकं घेऊन काकूंकडं आली. सगळी. खाकी कव्हरं घातलेली, पेन्सिलच्या खुणा रबरानं पुसलेल्या, गणिताच्या पुस्तकाचा कोपरा भातानं चिकटवलेला. म्हणाली, "मला दहावीची द्या, ही दुसऱ्या कुणाला द्या." आम्ही कोणीच तिला तसं सांगितलं नव्हतं. मंडळाची पुस्तकपेढी तिथून सुरू झाली. अभ्यासक्रम बदलला की नवे संच घ्यावे लागतात, पण मधली वर्षं तीच पुस्तकं हातोहात फिरतात.

तात्या आता नाहीत. गेल्या जानेवारीत सगळ्यात शेवटी काकू होत्या, आणि झाकण त्या आल्यावरच उघडलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी पेढीतली पुस्तकं नीट लावत होतो. भूगोलाच्या एका पुस्तकावर नावाची चिठ्ठी जाडजूड लागली, म्हणून नखानं कड उचलून पाहिली. खाली अजून एक चिठ्ठी, तिच्याखाली आणखी एक. चार वर्षांची चार नावं, चार वेगवेगळ्या अक्षरांत, एकावर एक चिकटवलेली. मी कड परत दाबून बसवली आणि वर पाचवी कोरी चिठ्ठी लावली.